अर्ध्या रोजाचा खेळ

माझ्या कामाचं नाव सांगितलं की नारायणगावात आजही लोक हसतात. हसू द्या. काही वर्षं मी जगभरच्या माणसांना कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचा भाव सांगत होते, आणि तो प्रत्येकाला वेगळा सांगत होते. चोरून नाही, राजरोस, पगार घेऊन. तेही सासऱ्यांच्या कापडदुकानाच्या पोटमाळ्यावर बसून, ज्या दुकानाच्या दारावर 'एकच भाव' अशी ठळक पाटी आहे.

आमचं घर जैन, मूळ मारवाडातलं, पण इथं येऊन इतक्या पिढ्या झाल्या की भांडणंसुद्धा आम्ही मराठीतच करतो. सासऱ्यांना सगळे बापूजी म्हणायचे. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, म्हणून दुकानाची इंग्रजी पत्रं माझ्याकडं आली, मग त्या पत्रांसाठी कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटर बिघडला की तो दुरुस्त करायला खोडदचा अरुण यायला लागला.

अरुण पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा. चांगला पगार होता. मग त्याच्या वडिलांना, नानांना, लकवा मारला. डावी बाजू गेली. आई अरुणच्या लहानपणीच गेलेली, भाऊ-बहीण कुणी नाही. नानांना पुण्यात नेऊन बघितलं, तर दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते जेवेनातच. शेवटी अरुण नोकरी सोडून खोडदला परत आला. खोडद म्हणजे मोठ्या तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणींचं गाव. त्या तबकड्यांच्या पलीकडंच ह्यांचं वावर. शेत वाट्यानं दिलेलं, त्यात दोघांचं भागेना. आणि शेती करायची तर नानांना कुशीवर वळवायला, भरवायला घरात कोण?

म्हणून त्यानं घरी बसून खेळ तयार केला. खेळ साधा. आपण रानात दारं धरतो ना, पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवतो, तेच. वीज जायच्या आत सगळं रान भिजवायचं. मध्येच मोटर बंद पडते, उंदरानं बांध पोखरलेला असतो, शेजारी पाणी तोडतो. परदेशी लोकांना ह्यात काय गोडी वाटली देव जाणे, पण लागली. एकीनं लिहिलं होतं, 'तुमचा तो शेजारी मला स्वप्नात दिसतो.' मी अरुणला म्हटलं, तो आम्हालाही दिसतो, आणि जागेपणी.

धंदा कसा चालायचा ते सांगते. अरुणच्या घरी फोन नव्हता, म्हणून गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार त्यानं पगार देऊन माझ्याकडं सोपवला. खेळाची पहिली काही रानं फुकट. पुढं जायचं तर एक परवलीचा आकडा लागायचा. गिऱ्हाइकानं आम्हाला मेल लिहायचा, आम्ही भाव कळवायचा, त्यानं पैसे भरले की मी आकडा पाठवायची. परदेशातले पैसे कार्डावर वसूल करून देणारी तिकडचीच एक कंपनी होती. ती आपला वाटा कापून महिन्याकाठी चेक धाडायची. आपल्याकडचे लोक मनीऑर्डर करायचे. मेल बघायला फोनची तार काढून कॉम्प्युटरला लावावी लागे, तेवढा वेळ दुकानाचा फोन बंद. खालून बापूजी ओरडायचे, "सूनबाई, सुरतेचा व्यापारी काय कबुतरानं निरोप धाडेल काय?"

आता भावाचं. तेव्हा बाहेरच्या खेळांचे भाव डॉलरमध्ये असायचे आणि सगळ्या जगाला तोच आकडा. दिसायला किती न्यायाचं! अमेरिकेतल्या पोराला तो एका संध्याकाळच्या खाण्याचा खर्च. आमच्या दुकानातल्या नोकराचा मात्र निम्मा पगार त्यात गेला असता. मग इथली पोरं काय करणार? पुण्याला फूटपाथवर नकली सीडी घ्यायची. अरुणनंही कॉलेजात त्याच घेतल्या होत्या. "वहिनी, घेताना लाज वाटायची," तो म्हणायचा, "आणि न घेऊन चालत नव्हतं."

आपला भाव काय ठेवायचा हे त्यानं नानांना विचारलं. जन्मात कॉम्प्युटर न बघितलेल्या माणसाला! नाना अंथरुणातून म्हणाले, "अर्धा रोज घे. सकाळधरनं भाकरीच्या सुट्टीपतूर गडी जेवढं कमावतो तेवढं. मंजी कुनाला बी कळतं, आपन काय दिलं ते."

झालं. अरुणनं तेच छापलं. ज्याच्या गावात शेतावर जो रोज असेल, त्याच्या निम्मा भाव. रोज किती ते तुम्हीच प्रामाणिकपणे कळवा. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अरे, लोक खोटं सांगतील." तर म्हणाला, "सांगू द्या की. आपण कुठं त्यांच्या बांधावर जाऊन बघणार हाय?"

इथून माझी नोकरी सुरू झाली. आणि सांगायला आनंद वाटतो, खोटं फार थोड्यांनी सांगितलं.

एक जर्मन होता. त्यानं लिहिलं, आमच्याकडं शेतात राबायला पोलंडमधून माणसं येतात, त्यांना कमी मिळतं. मी त्यांचा रोज धरू की आपल्या माणसाचा? त्याला बिचाऱ्याला झोप नव्हती. मी कळवलं, ज्या रोजावर तुम्ही स्वतः राबायला तयार असाल तो धरा. त्यानं चांगली भरभक्कम रक्कम पाठवली. अर्जेंटिनातल्या एका बाईनं लिहिलं, लवकर उत्तर द्या, आमचा पैसा इतका घसरतोय की तुम्ही वाचेपर्यंत माझा रोज आणखी कमी झालेला असेल. एका इंग्रज म्हाताऱ्याची तर कमाल. तो म्हणे, मी निवृत्त आहे, मला रोज नाही. मी म्हटलं, शेवटचा कधी शेतावर राबलात तेव्हाचा द्या. तो पठ्ठ्या पोरवयात कधीतरी बटाटे काढायला गेला होता, त्यानं तेव्हाचा रोज हिशोब करून पाठवला. चिल्लरच होती ती! अरुण पोट धरधरून हसला आणि म्हणाला, द्या त्याला, खरं बोललाय.

सगळ्यात जास्त डोकं कुणी खाल्लं असेल तर पुणेकरांनी. एकानं कळवलं, आम्हाला शेत नाही, सबब रोज शून्य, सबब खेळ विनामूल्य मिळावा. त्याला मी लिहिलं, सबब आपण नारायणगावी यावे, टोमॅटोच्या तोडणीला माणसं कमी आहेत, रोज मिळेल. पुन्हा त्याचं पत्र नाही.

चेक यायला लागले. फार नाही, पण नानांचं औषधपाणी, मालिशवाला, घरखर्च आणि माझा पगार एवढं त्यातून निघायचं. अरुण खोडदमध्ये टिकला ते ह्या अर्ध्या रोजांवर. दुपारी तो सायकलवरनं यायचा, नव्या गिऱ्हाइकांची पत्रं मी मराठीत करून सांगायची, आणि संध्याकाळी तो ती नानांना ऐकवायचा. बोलिव्हियात रोज किती, युक्रेनमध्ये किती. नानांना हे सगळं तोंडपाठ झालं होतं.

बापूजींना मात्र हे पटत नव्हतं. एकदा जेवताना विषय निघालाच. "एक माल, दहा गिऱ्हाइकं, दहा भाव. ह्याला आमच्या बाजारात काय म्हणतात ठाऊक आहे का?"

मी चिडले. म्हटलं, "बापूजी, गरिबाला कमी, श्रीमंताला जास्त. ह्यात वाईट काय?"

मग त्यांनी पाटीची गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांच्या वेळी कापडावर भाव लिहीत नसत. मालाच्या चिठ्ठीवर फक्त खुणेची अक्षरं, खरेदी किती ते मालकाला कळायला. पुढचा भाव माणूस बघून. "मळेवाला पाटील आरडाओरडा करायचा, दुकान डोक्यावर घ्यायचा. त्याला स्वस्त. आणि डोंगरातनं लुगडं घ्यायला आलेली ठाकरीण मान खाली घालून सांगू तेवढं द्यायची. तिला सगळ्यात महाग. मी पोरवयात हे रोज बघितलंय. म्हणून पाटी लावली. एकदा का भाव तोंड बघून ठरायला लागला, की आज तुमचा अरुण तो गरिबाकडं बघून ठरवेल. उद्या त्याच्या जागी दुसरा बसेल."

मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्यांना जग कळत नाही. आपलं तर सगळं न्यायाचं चाललंय.

मोडलं ते एका कुटुंबात. दुसराच एक जर्मन गृहस्थ, त्याची मुलगी पोलंडमध्ये दिलेली. नाताळात सगळे एकत्र जमले. जावयाकडंही तोच खेळ. बोलता बोलता निघालं की सासऱ्यानं जावयाच्या आठपट पैसे मोजलेत. सासरा भडकला. त्यानं खेळवेड्या लोकांच्या एका वेबसाइटवर लिहिलं, की हे हिंदुस्थानातले चोर आहेत, एकाच वस्तूचे मनाला येईल ते पैसे उकळतात. अर्ध्या रोजाची गोष्ट त्यानं लिहिलीच नाही. त्याखाली शेकडो लोकांनी मतं दिली.

त्यानंतरचे मेल मी वाचले आहेत, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. मी एकेकाला उत्तर देत होते. अहो, तुम्हीच तुमचा रोज सांगितला होता. पण लोकांनी आपापल्या बँकांना सांगून पैसे माघारी ओढायला सुरुवात केली. माघारी जाणाऱ्या प्रत्येक पैशामागं आम्हाला वर दंड बसायचा. मग वसुली करणाऱ्या कंपनीनं कळवलं, असंच चाललं तर तुमचं खातं बंद, आणि चौकशी होईपर्यंत चेक थांबवला. खातं बंद म्हणजे बाहेरचा एक पैसा येणार नाही. म्हणजे अरुणला पुन्हा नोकरी. म्हणजे नाना एकटे. हे आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं.

ह्याच सुमारास परदेशातल्या एका खेळकंपनीचं पत्र आलं. खेळ आम्हाला चालवायला द्या, दरमहा ठरलेली रक्कम देऊ, ही सगळी कटकट आमची. अट एवढीच की भाव आम्ही ठरवणार. अरुणनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, त्याला स्वतःला इंग्रजी येत असून.

"वहिनी, काय करू?"

मी विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?"

"मनात काय असनार? सही नाय केली तर गुढीपाडव्याच्या आत मला बंगळूरला जावं लागंल. तिथनं बोलावणं हाये. नानांना कोन बघंल?"

मग विचारायचं काय राहिलं? त्यानं सही केली. त्या दिवशी मला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आम्ही खाली जाऊन बापूजींना पेढा दिला. त्यांनी तो खाल्ला आणि विचारलं, "भाव कोण ठरवणार?"

कंपनीनं जगाचे भाग पाडले. त्यांच्या भाषेत विभाग. प्रत्येक विभागाला वेगळा भाव. मला वाटलं, चला, आपलंच सूत्र, फक्त कोट घालून आलंय. पण त्यांनी कुणाचा रोज विचारला नव्हता. आशिया म्हणून एक भलामोठा तुकडा पाडला, त्यात जपानही आणि जुन्नर तालुकाही. त्यावर इथल्या वितरकाचा वाटा, कर, डॉलरचे रुपये करताना बसणारी चाट. हे सगळं चढून जो आकडा झाला, तो अमेरिकेतल्या भावापेक्षा जास्त होता. हो, जास्त. शिवाय नाताळात तिकडं सवलत, इकडं नाही. मी हिशोब पुन्हा पुन्हा करून बघितला. मग वाटलं, कुणाचं तरी चुकलं असेल. मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की विभागवार भाव बाजारपेठेचा अभ्यास करून ठरवलेले आहेत. पुढं तेच वाक्य त्यांनी मला गिऱ्हाइकांना पाठवायला दिलं. माझी नोकरी चालू होती, पण आता मला फक्त तयार वाक्यं पाठवायची होती. अर्जेंटिनाच्या बाईनं तिच्या मैत्रिणीसाठी जुना भाव विचारला. तिलाही मी तेच वाक्य पाठवलं.

एक दिवस मंचरहून एक गृहस्थ तरातरा दुकानात आले. दात काढायचा दवाखाना होता त्यांचा. त्यांच्या बहिणीनं अमेरिकेतून भाच्यासाठी, म्हणजे ह्यांच्या मुलासाठी, हा खेळ विकत घेऊन आकडा पाठवला होता. तिकडं स्वस्त पडला म्हणून. इथं घातला तर खेळ म्हणाला, हा आकडा तुमच्या विभागासाठी नाही.

"बाई, मला एवढंच सांगा," ते गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "खोडदचा माणूस खेळ बनवतो, आणि तो मंचरला चालत नाय? अहो, मधी घोडनदी हाय ती बी आडवी येत नाय, हे कोन आडवं आलं?"

अरुण तिथंच उभा होता, पोटमाळ्यावरून काढून आणलेला माझ्या कॉम्प्युटरचा पंखा पुसत. मी ओळख करून दिली नाही. त्यानंच पुढं होऊन सांगितलं, "डॉक्टर, मीच तो. माझ्या हातात काय नाय राहिलं." डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला. ते म्हणाले, "राव, मग तुमी तरी कशाला विकलात?" आणि ओशाळून निघून गेले. बापूजी गादीवर बसून सगळं ऐकत होते. मला वाटलं आता म्हणतील, मी सांगितलं नव्हतं का. पण त्यांनी अरुणला बसायला सांगितलं आणि चहा मागवला.

पुढं जे व्हायचं ते झालं. ज्या देशांत लोक अर्धा रोज हसत देत होते, तिथं खेळाच्या नकला निघाल्या. का निघू नयेत? एवढे पैसे मोजायचे कुणी? मंचरच्या आठवडे बाजारातही सीडी आली. कंपनीनं आकडे बघितले आणि कळवलं की तुमच्या खेळाच्या नकला फार होतात, तुमच्या भागातले लोक पैसे देऊन घेतच नाहीत, तेव्हा करार पुढं चालवता येत नाही. खेळाचे हक्क मात्र त्यांच्याकडंच राहिले. सहीच्या वेळी ते कलम आम्ही वाचलं होतं. दोघांनीही वाचलं होतं, आणि दुसरा मार्ग नव्हता.

अरुण बंगळूरला गेला. नानांना कुठं नेता येईना. त्यांच्या डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. निमगाव सावाचा एक लांबचा नातेवाईक सांभाळायला ठेवला. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं त्याला घरदार होतं. सकाळी येऊन स्वयंपाक करून, नानांचं आवरून जायचा, संध्याकाळी परत यायचा. मधला सगळा दिवस नाना आणि पत्र्याचा पंखा.

मी अधूनमधून जायची. सासूबाईंनी दिलेली खिचडी, पातळ वरण असं काहीतरी घेऊन. एकदा गेले तर नाना चांगले शुद्धीत होते. पाठीखाली उशी देऊन त्यांना बसतं केलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, तुमी समद्या दुनियेला इंग्रजीत समजावत व्हत्या. मला मराठीत सांगा. माज्या पोराचा खेळ लोकास्नी आवडला न्हाई का?"

"आवडला, नाना. लई आवडला. अजून आवडतो."

"त्यानं काय लबाडी केली व्हती का?"

"नाही हो. कसली लबाडी?"

"मग त्याला जावं का लागलं?"

मी सांगायला लागले. डॉलर, विभाग, वितरक, नकला, करार. एवढी वर्षं बोलिव्हियापासून जपानपर्यंत लोकांना भाव समजावलेली बाई मी, आणि माझं मलाच ऐकू येत होतं की हे काही उत्तर नाही. नानांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं बोलणं आपोआप थांबलं तेव्हा ते म्हणाले, "मंजी समद्यांस्नी आवडला, कुनी फसवलं बी न्हाई, आन तरी बी पोरगं ग्येलं."

मी मान हलवली. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मी भांडी घासून ठेवली, पाण्याचा तांब्या त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि निघाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, हिवाळ्यात ते गेले. दुपारी कधीतरी, घरात कुणी नसताना. संध्याकाळी तो नातेवाईक आला तेव्हा कळलं. माणसांनी अरुणसाठी दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघितली, पण त्याला गाडी मिळाली नाही. तो आला तो सावडायच्या दिवशी. सगळं उरकल्यावर तो ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला.

मग म्हणाला, "वहिनी, तुमी शेवटी भेटला व्हता ना त्यांना? माझ्याबद्दल काय विचारलं का नानांनी?"

मी म्हटलं, "नाही रे. काही नाही विचारलं."